यजमान शहर म्हणजे काय? मोठे स्टेडियम, त्याचा खर्च आणि आपल्या वस्तीचे मैदान

विष्णुपुरीच्या परिसरात स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गोदावरीवरचे धरणही येथलेच. संध्याकाळी आजूबाजूच्या वस्त्यांतली पोरे मोकळी जागा शोधतात, दोन-दोन दगड ठेवून गोल करतात आणि अंधार पडेपर्यंत फुटबॉल खेळतात. विश्वचषकाची चर्चा निघाली की यांच्यातले एखादे पोर विचारतेच, "एवढ्या शहरांत मॅचेस होतात, आपल्या नांदेडला का होत नाहीत?"

या प्रश्नावर हसून पुढे जाऊ नये असे आम्हाला वाटते. २०२६ च्या पुरुषांच्या विश्वचषकासाठी अमेरिकेतील ११, मेक्सिकोतील ३ आणि कॅनडातील २ अशी १६ शहरे निवडली गेली. ४८ संघ, १०४ सामने. ही शहरे कशाच्या आधारावर निवडतात? त्यासाठी कोणाचा पैसा आणि कोणाची जमीन लागते? स्पर्धा संपल्यावर ते मैदान कोणाचे राहते? बौद्ध आणि आंबेडकरी समाजाचा या प्रश्नांशी थेट संबंध आहे. तो कसा, हे आम्ही या लेखात मांडत आहोत.

यजमान शहराला काय काय लागते?

स्टेडियम बांधले की शहर यजमान होते, हा समज चुकीचा आहे. फिफा ही फुटबॉलची जागतिक संघटना शहर निवडताना स्टेडियमच्या आत पाहते तितकेच बाहेरही पाहते.

आत मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद लागते. त्यावर सारखे, निरोगी गवत आणि पाणी लगेच उतरून जाईल अशी खालची रचना लागते. रात्रीच्या सामन्यासाठी दिवे, प्रत्येक प्रेक्षकाला वेगळी खुर्ची, आणि गडबड झाली तर सगळ्यांना थोड्या मिनिटांत बाहेर पडता येईल एवढे दरवाजे व जिने लागतात. पुरुषांच्या विश्वचषकात साध्या सामन्यालाही सुमारे ४० हजार आणि उद्घाटन व अंतिम सामन्याला सुमारे ८० हजार आसनांची अपेक्षा असते. बाहेर विमानतळ, हॉटेले, मोठे रुग्णालय, रस्ते आणि पोलीस बंदोबस्त लागतो. शिवाय प्रत्येक शहरात सरावासाठी वेगळी मैदाने लागतात. स्पर्धेच्या मैदानाचे गवत टिकावे म्हणून संघ रोजचा सराव दुसरीकडे करतात.

या अटी नुसत्या कागदावर नसतात. २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला तेव्हा ब्राझील आणि इंग्लंड यांचा उपांत्य सामना गुवाहाटीला ठरला होता. पावसाने तिथले मैदान खराब झाले आणि ऐन वेळी सामना कोलकात्याला हलवावा लागला. कोचीचे स्टेडियम मोठे, पण माणसे लवकर बाहेर काढता येणार नाहीत म्हणून तिथे प्रेक्षकांची संख्या सुमारे २९ हजारांवर रोखली गेली. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये पूर्वी लाखावर माणसे बसत. बाकांऐवजी खुर्च्या आल्या आणि ती संख्या बरीच खाली आली.

महाराष्ट्र आणि गोवा यांनी काय पाहिले?

६ ते २८ ऑक्टोबर २०१७ च्या त्या स्पर्धेला सहा यजमान शहरे होती: दिल्ली, कोलकाता, कोची, गुवाहाटी, मडगाव आणि नवी मुंबई. ५२ सामन्यांना मिळून १३ लाख ४७ हजारांवर प्रेक्षक आले. या वयोगटाच्या स्पर्धेत तोवर एवढी गर्दी कधी झाली नव्हती. नवी मुंबईत नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम वापरले गेले. ते खासगी मालकीचे आहे. सरावासाठी नेरूळमधले यशवंतराव चव्हाण मैदान महापालिकेने तयार केले. भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तो शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडलेला मुलगा.

२०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत महिलांची आशियाई चषक स्पर्धा पूर्णपणे महाराष्ट्रात झाली. नवी मुंबई, मुंबईतील अंधेरी आणि पुण्यातील बालेवाडी ही तिची तीन ठिकाणे. भारतीय संघात कोरोनाचा शिरकाव झाल्याने आपल्या मुलींना एका सामन्यानंतर स्पर्धा सोडावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे झाला. अंतिम सामना नवी मुंबईत झाला आणि स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवले.

म्हणजे महाराष्ट्र तीनदा यजमान झाला, पण नेरूळ, अंधेरी आणि बालेवाडी यांच्या पलीकडे स्पर्धा गेली नाही. मराठवाडा आणि विदर्भ यांच्या वाट्याला टीव्ही आला. २०१७ मध्ये "मिशन वन मिलियन" या नावाने १५ सप्टेंबरला राज्यभर शाळांमधून दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम झाला आणि शाळांना चेंडू मिळाले. उपक्रम चांगलाच होता. पण ज्या शाळेला मैदान नाही तिथे चेंडू कुठे लाथाडायचा? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेच्या निकषांत खेळाचे मैदान घातले आहे. चेंडू पोचला तरी मैदानाचा हक्क पोचायचा राहतो.

नांदेड लहान म्हणून मागे राहिले असे म्हणावे, तर गोव्याकडे पाहा. २०११ च्या जनगणनेनुसार संपूर्ण गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास. एकट्या नांदेड जिल्ह्याची ३३ लाख ६१ हजार आणि लातूरची २४ लाख ५४ हजार. तरी गोवा दोनदा विश्वचषकाचा यजमान झाला. कोरोनाच्या काळात इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा सगळा हंगाम फातोर्डा, बांबोळी आणि वास्को या तीन ठिकाणी पार पडला. तिथे गावागावांत मैदान आणि संघ आहेत, चर्चच्या शेजारच्या पटांगणात पिढ्यान्‌पिढ्या पोरे खेळत आली. फातोर्ड्याचे स्टेडियम १९८९ साली झाले, फुटबॉल मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून होता. गोव्यात आधी मैदाने होती, मग स्टेडियम आले. आपल्याकडे स्टेडियमची घोषणा आधी होते आणि मैदाने राहून जातात.

नांदेडही एकदा यजमान झाले होते

यजमान होणे म्हणजे काय हे नांदेडला अगदीच अनोळखी नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये येथे गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. देशविदेशातून भाविक आले. त्याच्या तयारीसाठी केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून मोठा निधी शहराला मिळाला. विमानतळ सुधारला, रस्ते रुंद झाले, नदीकाठी घाट झाले. त्याच अभियानात शहरी गरिबांसाठी मूलभूत सुविधा हा भाग होता, त्यातून झोपडपट्टीवासीयांच्या घरांची कामे निघाली.

त्यातून दोन गोष्टी समजतात. मोठा सोहळा ठरला की वर्षानुवर्षे न येणारा पैसा एकदम येतो. आणि त्या पैशात गरिबांचा वाटा आधीच लिहून ठेवलेला असेल तरच तो मागता येतो. लिहून ठेवलेला नसेल तर सोहळा होतो, पाहुणे जातात आणि वस्ती होती तिथेच राहते.

पैसा कोणत्या खात्यातून येतो?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. २०१७ च्या विश्वचषकात भारताचे तिन्ही सामने दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये झाले. या स्टेडियमचे मोठे नूतनीकरण २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी झाले होते. त्या स्पर्धेच्या तयारीत दिल्ली सरकारने अनुसूचित जाती उपयोजनेतील सुमारे ७४४ कोटी रुपये स्पर्धेशी संबंधित कामांकडे वळवल्याचे माहिती अधिकारातून उघड झाले. गृहनिर्माण हक्कांवर आणि दलित मानवी हक्कांवर काम करणाऱ्या संघटनांनी ते लोकांसमोर आणले. प्रश्न संसदेत गेला आणि निधी वळवणे चुकीचे होते, हे तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री पी. चिदंबरम यांना राज्यसभेत मान्य करावे लागले.

अनुसूचित जाती उपयोजना, म्हणजे पूर्वीची विशेष घटक योजना, याचा अर्थ साधा आहे. लोकसंख्येत अनुसूचित जातींचे जेवढे प्रमाण, तेवढा विकासनिधीचा हिस्सा त्यांच्यासाठी वेगळा काढायचा. तो दुसरीकडे वळवायचा नाही आणि वाया जाऊ द्यायचा नाही. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत २०११ च्या जनगणनेनुसार हे प्रमाण १९ टक्क्यांच्या आसपास आहे. शिष्यवृत्ती, वसतिगृह, वस्तीतला रस्ता, नाली, पाणी, अभ्यासिका ही या पैशातून व्हायची कामे. ती थांबवून कुठे रोषणाई झाली तर त्या झगमगाटाची किंमत आपल्या मुलांनी मोजली असे होते. आंध्र प्रदेश आणि कर्नाटक यांनी २०१३ मध्ये या निधीच्या संरक्षणासाठी कायदे केले. महाराष्ट्रातही असा कायदा हवा ही आपल्या चळवळीची मागणी जुनी आहे. खेळाच्या मोठ्या आयोजनाची चर्चा निघते तेव्हा ती मागणी पुन्हा जोराने मांडायला हवी.

भार फक्त निधीवरच पडतो असे नाही. २०१७ मध्ये कोचीत स्टेडियमच्या इमारतीतील दुकानदारांना स्पर्धेच्या काळात दुकाने रिकामी करावी लागली आणि भरपाईचा वाद उच्च न्यायालयात गेला. कतारने २०२२ च्या विश्वचषकासाठी आठ स्टेडियमे उभी केली, त्यांपैकी सात नवी. ती बांधणारे हात नेपाळ, भारत, बांगलादेशातल्या स्थलांतरित मजुरांचे होते आणि त्यांच्या हालांची चर्चा जगभर झाली. ब्राझीलच्या मानाउस शहरात २०१४ च्या विश्वचषकासाठी मोठे स्टेडियम उभारले. त्यात चार सामने झाले. त्या शहराचा एकही संघ तेव्हा देशाच्या वरच्या साखळीत नव्हता, त्यामुळे नंतर या स्टेडियमचे करायचे काय हा प्रश्न उरला.

आणि एक उदाहरण आपल्या देशातले. २०२२ च्या मुलींच्या विश्वचषकात भारताची कर्णधार होती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली आदिवासी मुलगी, अस्तम उराँव. ती कर्णधार झाली म्हणून प्रशासनाने तिच्या गावाचा रस्ता करायला घेतला. त्या रस्त्यावर रोजंदारीने काम करणाऱ्यांत तिचे आईवडीलही होते. लेक भुवनेश्वरच्या दिव्यांच्या उजेडात राष्ट्रगीताला उभी आणि मायबाप तिच्याच नावाच्या रस्त्यावर खडी टाकत आहेत. रस्ता व्हायला मुलीला देशाची कर्णधार व्हावे लागले, ही गोष्ट आम्हाला अभिमानाइतकीच लाजेचीही वाटते.

भगवंतांनी सांगितलेली कसोटी

दीघनिकायात कूटदंत सुत्त आहे. कूटदंत ब्राह्मणाला मोठा यज्ञ करायचा असतो आणि त्याची रीत विचारायला तो भगवान बुद्धांकडे येतो. भगवान त्याला महाविजित राजाची गोष्ट सांगतात. या राजालाही महायज्ञ करायचा होता. त्याचा पुरोहित त्याला थांबवतो. राज्यात लोक त्रासलेले आहेत, लुटालूट आहे, अशा वेळी यज्ञासाठी कर बसवणे योग्य नाही, असे तो सांगतो. आधी शेती करणाऱ्याला बियाणे दे, व्यापार करणाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला नीट वेतन दे. राजा तसे करतो आणि लोक निर्धास्त होतात. मग जो यज्ञ होतो त्यात प्राणी मारले जात नाहीत, झाडे तोडली जात नाहीत, आणि धाकाखाली रडत राबणारे नोकरचाकर नसतात. ज्याला काम करायचे तो करतो, ज्याला नको तो करत नाही.

आजच्या काळातली जागतिक स्पर्धा हा एक महायज्ञच आहे. त्याला आमचा विरोध नाही. खेळ माणसांना जोडतो. पण कसोटी तीच लावायला हवी. ज्याच्या नावाने निधी आला त्याला तो आधी मिळाला का? कोणाचे पोट, घर, दुकान उठवले का? राबणाऱ्याला मजुरी आणि सुरक्षा मिळाली का? या तीन प्रश्नांना खरे उत्तर मिळाले तर खुशाल दिवे लावा.

मैदान सार्वजनिक आहे, म्हणजे कोणाचे?

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, हा त्याचा गाभा. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण कागदावर खुले झालेले तळे प्रत्यक्षात बंदच होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह चालत गेले आणि पाणी प्याले, तेव्हा ठरावाला अर्थ आला.

मैदानाचेही तसेच आहे. जिल्हा आणि तालुका क्रीडा संकुले, महापालिकेची मैदाने, शाळांची पटांगणे ही सार्वजनिक पैशाची आहेत. फाटकाला कुलूप असेल, फी वस्तीतल्या पोराला परवडत नसेल, किंवा महिन्यातले बरेच दिवस मैदान लग्न आणि प्रदर्शनाला दिलेले असेल, तर ते कागदावर खुले आणि प्रत्यक्षात बंद आहे. आज तिथे कोणी जात विचारत नसेल, पण फी, ओळखपत्र आणि ओळखीचा माणूस विचारला जातो. परिणाम पुष्कळदा तोच होतो.

म्हणून आपल्या गावातील आणि वॉर्डातील कार्यकर्त्यांनी माहिती अधिकार कायदा २००५ खाली साधा अर्ज करावा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. विचारायचे एवढेच:

१. मैदानाची जागा सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर कोणाच्या नावे आहे?

२. गेल्या तीन वर्षांत त्यावर किती खर्च झाला आणि तो कोणत्या लेखाशीर्षातून? अनुसूचित जातींसाठी असलेल्या निधीतून काही झाला का?

३. खेळाडूंसाठी वेळ आणि फी काय? अनुसूचित जाती, जमाती आणि मुलींसाठी सवलत आहे का?

४. वर्षात किती दिवस मैदान खेळाव्यतिरिक्त कामाला दिले आणि त्याचे भाडे कुठे जमा झाले?

५. व्यवस्थापन समितीत कोण आहेत?

याच्या जोडीला शहराच्या विकास आराखड्यावर लक्ष ठेवावे. आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी आरक्षणे असतात. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना मागवतात. आपल्या वस्तीजवळचे आरक्षण उठवले जात असेल तर त्याच मुदतीत लेखी हरकत द्यावी लागते. नंतर मोर्चा काढून फारसा उपयोग होत नाही.

मग नांदेड यजमान होऊ शकते का?

फिफाच्या विश्वचषकाचे नजीकच्या काळात नाही, हे पोरांना खरे सांगावे. पण दुसरा एक विश्वचषक आहे. बेघरांचा विश्वचषक २००३ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ शहरात सुरू झाला. त्याचे मैदान २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते. संघात एका वेळी चार खेळाडू, सामना १४ मिनिटांचा. शहरातल्या चौकातही तो खेळता येतो. त्यात भारताचा संघ पाठवणारी संस्था आपल्या नागपूरची आहे. विजय बारसे या क्रीडाशिक्षकांना २००१ मध्ये पावसात झोपडपट्टीतली पोरे मोडक्या बादलीने फुटबॉल खेळताना दिसली आणि त्यातून 'स्लम सॉकर'चे काम उभे राहिले. नागराज मंजुळे यांचा २०२२ चा 'झुंड' हा चित्रपट त्याच कामावर बेतलेला आहे, आणि त्यातली वस्ती भीमजयंती साजरी करणारी आहे हे आपण सर्वांनी पाहिले.

एवढे मैदान विष्णुपुरीत होऊ शकते, लातूरच्या वस्तीत होऊ शकते, विहाराशेजारच्या मोकळ्या जागेत होऊ शकते. १४ एप्रिलच्या जयंतीला डीजेवर जो खर्च होतो त्यातला थोडा भाग बाजूला काढला तर नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीच्या वस्त्यांची मुलामुलींची स्पर्धा दरवर्षी भरवता येईल. विद्यापीठाचे विद्यार्थी पंच होतील, वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी प्रथमोपचार पाहतील. बाहेरगावच्या पोरांची झोपायची सोय विहारात होईल आणि जेवण घराघरांतून येईल. यजमानपण म्हणजे शेवटी आलेल्या पाहुण्याला जागा, पाणी आणि मान देणे. ते आपल्या समाजाला दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीच्या वाटेवर वर्षानुवर्षे जमत आले आहे.

मोठे स्टेडियम कधी येईल ते येईल. त्याआधी संध्याकाळी फाटक उघडे असलेले एक मैदान आपल्या प्रत्येक वस्तीला मिळाले पाहिजे. आपल्या गावातील मैदानाची स्थिती काय आहे ते आम्हाला जरूर कळवा.

जय भीम. नमो बुद्धाय.